माओची जीभ

1974 च्या जुलैत बीजिंगमधल्या काही डॉक्टरांपुढे दोन प्रश्न होते. पेशंटला काय झालंय, हा पहिला. तो तुलनेनं लवकर सुटला. झालंय ते सांगायचं कुणाला, हा दुसरा, आणि तो रोगापेक्षा अवघड होता. पेशंटचं नाव होतं माओ त्से-तुंग.

माओ तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. हृदयानं त्याला आधीच एकदा दगा दिला होता. 1972 च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत तो जुना सहकारी चेन यी याच्या अंत्यविधीला गेला, तोही झोपेच्या कपड्यांवर ओव्हरकोट चढवून, आणि पुढच्या काही आठवड्यांत मरता मरता वाचला. फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन भेटीला आले तेव्हा डॉक्टर आणि त्यांची उपकरणं जवळच दडवून ठेवलेली होती. 1973 च्या ऑगस्टमध्ये पक्षाच्या दहाव्या अधिवेशनात त्याला खुर्चीतून उठता येईना. टाळ्या थांबत नव्हत्या, प्रतिनिधी हलत नव्हते, आणि अध्यक्ष उठत नव्हता. शेवटी ‘तुम्ही गेल्याशिवाय मी कसा जाणार’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्यानं वेळ मारून नेली. लोकांना तो मोठेपणा वाटला.

पण 1974 मध्ये जे दिसू लागलं ते निराळंच होतं. बोलणं जड झालं. उजव्या हातातली आणि पायातली ताकद कमी झाली. स्नायू वाळत चालले. न्यूरॉलॉजिस्ट हुआंग ख-वेई आणि वांग शिन-दे यांना बोलावण्यात आलं. पक्षाघात नाही, पार्किन्सनही नाही, असा निष्कर्ष निघाला. हा मोटर न्यूरॉनचा आजार होता. मेंदूच्या तळाशी आणि पाठीच्या कण्यात असलेल्या, स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत होत्या. घसा, स्वरयंत्र, जीभ, उजवा हात आणि उजवा पाय यांच्या पेशींना रोगानं आधी गाठलं होतं. साधारण दोन वर्षं, असा अंदाज डॉक्टरांनी दिला. तो किती नेमका ठरला हे तारखांवरून कळतं: निदान जुलै 1974, मृत्यू 9 सप्टेंबर 1976.

चीनच्या त्या दोन वर्षांचा इतिहास एरवी गटबाजीचा म्हणून सांगितला जातो. एका बाजूला माओची बायको च्यांग चिंग आणि तिचे तीन साथीदार, म्हणजे पुढे ‘चौकडी’ म्हणून बदनाम झालेले. दुसऱ्या बाजूला कर्करोगानं खंगलेला पंतप्रधान चौ एन-लाय आणि नुकताच वनवासातून परतलेला डेंग शियाओपिंग. हे सगळं खरंच आहे. पण या भांडणात कोण कधी का वर आलं हे समजायचं असेल तर मला वाटतं, आधी एका जिभेकडे पाहावं लागतं.

या आजाराचं जिभेपासून सुरू होणारं रूप वैद्यकाला ओळखू आलं ते पॅरिसमध्ये, 1860 साली. द्युशेन नावाचा एक डॉक्टर होता, बुलोनच्या दर्यावर्दी घराण्यातला. कुठल्याही इस्पितळात त्याला कायमची जागा नव्हती. विजेचं यंत्र घेऊन तो वॉर्डावॉर्डांतून फिरायचा आणि ओल्या कापडातून सौम्य प्रवाह देऊन एकेक स्नायू आकसवून पाहायचा. चेहऱ्यावरचा कुठला स्नायू हसण्याचा, कुठला रडण्याचा, हे त्यानं असंच शोधलं. त्यामुळे ओठ, जीभ आणि टाळू हळूहळू लुळे पडत जाणारे रोगी समोर आल्यावर त्याला ते लकव्याच्या नेहमीच्या खात्यात ढकलता आले नाहीत. त्यानं काय टिपलं? रोग्याला शीळ घालता येत नाही, दिवा फुंकता येत नाही. जीभ वर उचलत नाही म्हणून तालव्य आणि दंत्य वर्ण आधी जातात, ओठ मिटत नाहीत म्हणून मग ओष्ठ्य. टाळू ढिला पडला की सगळं बोलणं नाकातून येतं. नाक चिमटीत धरलं तर क्षणभर बरं बोलता येतं. लाळ गिळता येत नाही, ती ओघळत राहते. पाण्याचा घोट श्वासनळीत जातो, ठसका लागतो. चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग ओघळतो आणि वरचा अर्धा, म्हणजे डोळे आणि कपाळ, पूर्वीसारखाच जिवंत राहतो. बुद्धी शाबूत.

पुढे न्यूरॉलॉजिस्ट शार्कोनं साल्पेत्रिएर इस्पितळात मेलेल्या रोग्यांच्या मज्जारज्जूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून मेलेल्या चेतापेशी दाखवून दिल्या, आणि 1870 च्या दशकात हे सारे विकार एका मोठ्या आजाराखाली आले. रोग ओळखण्यात एवढी प्रगती झाली, पण उपचार मात्र शून्य. 1974 च्या बीजिंगमध्ये डॉक्टरांच्या हातात द्युशेनपेक्षा काडीचंही जास्त नव्हतं. आजची औषधंही बहुतेक रोग्यांत फक्त वेग थोडा कमी करतात.

1975-76 मधली माओची छायाचित्रं आता पाहिली तर द्युशेनचा तो चेहरा चटकन ओळखू येतो. हनुवटी खाली आलेली, तोंड अर्धवट उघडं, मान खुर्चीच्या पाठीवर टेकलेली. डोळे मात्र समोरच्यावर रोखलेले. तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी हेच फोटो छापले आणि पार्किन्सन किंवा झटका असे तर्क लढवले. खरं निदान ठाऊक असलेली माणसं थोडी होती. माओचा खासगी डॉक्टर ली चि-सुई, अंगरक्षक दलाचा प्रमुख वांग तुंगशिंग, चौ एन-लाय आणि अजून काही. या लीच्या आठवणी 1994 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या पुष्कळ गोष्टींवर माओच्या जुन्या सेवकांनी आक्षेप घेतले, आणि ली स्वतःही कडवटपणानं लिहितो. पण शेवटच्या दोन वर्षांतल्या दुखण्याबद्दल तो जे सांगतो ते चीनमध्येच प्रसिद्ध झालेल्या इतरांच्या आठवणींशी बरंचसं जुळतं.

आता या जिभेच्या दुखण्याचं राजकारण कसं झालं ते पाहू. सांस्कृतिक क्रांतीच्या ऐन भरात माओचं एखादं नवं वचन रेडिओवर आलं की मध्यरात्रीसुद्धा लोक ढोल-झांजा घेऊन रस्त्यावर येत. सहा-सात वर्षांनी त्याच माणसाचं वाक्य समजायला समोर बसलेल्याला कानात प्राण आणावा लागे. त्यात त्याची हूनान प्रांतातली ठसकेबाज बोली, जी उत्तरेकडच्या चिन्यांना धडधाकटपणीही नीट कळत नसे. आणि हुकूम तर अजून त्याचाच चालायचा. पॉलिटब्यूरोचा कुठलाही निर्णय त्याच्या मंजुरीशिवाय अडून राहायचा. कागदावर त्यानं एक वर्तुळ काढलं की काम झालं.

अशा वेळी एक बाई एकदम महत्त्वाची झाली. चांग युफेंग ही मूळची माओच्या खास रेल्वेगाडीतली सेविका, ईशान्येकडची, शिक्षण बेताचं. 1970 पासून ती चुंगनानहाय या नेत्यांच्या वसाहतीत त्याच्या दिमतीला होती. त्याचे शब्द कळेनासे झाले तेव्हा ओठांच्या हालचाली आणि चेहऱ्यावरचे भाव यांवरून तो काय म्हणतोय हे तिला उमगायचं. नाहीच उमगलं तर तो पेन्सिल मागायचा. तीच त्याला कागद वाचून दाखवायची, तीच जेवण भरवायची, आणि भेटीला आलेल्याला किती वेळ ताटकळवायचं हेही बऱ्याचदा तीच ठरवायची. पक्षाची बडी मंडळी तिची वेळ सांभाळून येत. लीच्या लिखाणात तिच्याबद्दलचा राग लपत नाही. पण माओशी बोलायचं तर तीच लागते, हे तोही नाकारत नाही.

निदान झालं त्याच महिन्यात, 17 जुलै 1974 ला, माओनं पॉलिटब्यूरोच्या बैठकीत बायकोला सगळ्यांदेखत झापलं. चौघांची टोळी करू नका, असं बजावलं, आणि गाडीत बसून वुहानला निघून गेला. तिथून छांगशा, नानचांग, हांगचौ करत तो थेट 1975 च्या वसंतात राजधानीत परतला. हे नऊ महिने राज्य निरोपांवर चाललं. 18 ऑक्टोबर 1974 ला चौकडीतला वांग हुंगवेन गुपचूप विमानानं छांगशाला गेला आणि चौ-डेंग यांच्याविरुद्ध कान भरायचा प्रयत्न केला. माओनं त्याला वाटेला लावलं. दोनच दिवसांनी वांग हायरुंग आणि तांग वनशंग या परराष्ट्र खात्यातल्या दोघी जणी माओचा उलट निरोप घेऊन बीजिंगला आल्या: पंतप्रधान चौच राहील, डेंग पहिला उपपंतप्रधान होईल. यातली पहिली माओच्या नात्यातली, दुसरी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली दुभाषी. पॉलिटब्यूरोच्या जुन्या खोडांना या तरुण मुलींच्या तोंडून धन्याची मर्जी ऐकावी लागत होती. डिसेंबरच्या अखेरीस मृत्युपंथाला लागलेला चौ स्वतः छांगशाला गेला आणि माओच्या वाढदिवसाच्या रात्री दोघे म्हातारे बराच वेळ बोलत बसले. जानेवारीत भरलेल्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेला माओ गेलाच नाही. नेमणुका मात्र त्याच्या शब्दाप्रमाणे झाल्या.

जीभ गेली तरी ऐकण्याची हौस गेली नव्हती. मोतीबिंदूमुळे डोळ्यांनी जवळपास दिसेनासं झालं होतं. मे 1975 मध्ये पेकिंग विद्यापीठातून लू ती नावाच्या साहित्याच्या प्राध्यापिकेला जुने ग्रंथ वाचून दाखवायला बोलावलं गेलं. जुन्या कविता माओला तोंडपाठ. त्याच्या त्या अस्पष्ट पुटपुटण्यातून कुठल्या कवीची कुठली ओळ चाललीये हे तिनं ओळखायचं. ऑगस्टच्या मध्यावर एका रात्री बोलता बोलता ‘पाणथळकाठचे वीर’ या जुन्या कादंबरीचा विषय निघाला. ती चांगली ती शरणागती कशी दिसते हे दाखवते म्हणून, असं काहीसं माओ म्हणाला. लू तीनं टिपून घेतलं. एका म्हाताऱ्या वाचकाचा शेरा, पण चौकडीनं तो उचलला आणि बघता बघता देशभर ‘शरण जाणाऱ्यां’विरुद्ध मोहीम उभी राहिली. निशाणा डेंग आणि चौ यांच्यावर होता. माओच्या मनात तेच होतं का? असेलही. सरळ न बोलता सूचक बोलणं ही त्याची आयुष्यभराची रीतच होती. ज्यानं ऐकलं त्यानं अर्थ लावावा, चुकला तर त्याचं डोकं उडावं. आजारानं या जुन्या सवयीला नवं आवरण दिलं एवढंच.

त्याच उन्हाळ्यात त्याच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला गेला. शस्त्रक्रिया तांग यौ-चि या डॉक्टरनं केली. नंतर डोळ्यांवर पट्टी असतानाच त्या डॉक्टरचं नाव ऐकून माओला त्या नावातली अक्षरं असलेली लेखक लू शूनची एक कविता आठवली. त्यानं कागद मागवला आणि न बघता ती लिहून काढली. अक्षरं एकमेकांवर चढलेली, ओळी वाकड्या, पण कविता पूर्ण. माओचं हस्ताक्षर ही चीनमध्ये पूजेची वस्तू होती. मराठी माणसालाही ते अगदीच अपरिचित नाही. 1942 मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस उत्तर चीनमध्ये वारले तेव्हा माओनं स्वहस्ते लिहिलेला शोकसंदेश त्यांच्या स्मरणाचा भाग होऊन बसला आहे. तो लिहिणारा हात तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता.

परदेशी पाहुण्यांपुढे तर हा सगळा खेळ उघडाच होई. 21 ऑक्टोबर 1975 ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर भेटीला आले. माओनं डोक्याकडे बोट दाखवून हे ठीक चालतं असं सांगितलं, आणि पाय थोपटून हे चालत नाहीत असं. बाहेर पडणारा आवाज म्हणजे घशातली घरघर. दुभाषी आपसांत कुजबुजत, ऐकलेलं कागदावर लिहून त्याच्यापुढे धरत. तो मान हलवी. चुकलं असेल तर चिडून पेन्सिल घेई आणि स्वतः लिही. अमेरिकेनं पुढे खुल्या केलेल्या इतिवृत्तात अध्यक्ष अमुक शब्द लिहून दाखवतात अशा नोंदी जागोजागी आहेत. आणि त्या शब्दांत धार होती. अमेरिका युरोपच्या संरक्षणाबद्दल किती गंभीर आहे यावर त्यानं किसिंजरना चांगलंच टोचलं. डिसेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड येऊन गेले, फेब्रुवारी 1976 मध्ये पद सोडलेले निक्सन. 12 मेला सिंगापूरचे ली क्वान यू आले. त्यांनीही लिहून ठेवलंय की एक बाई मोठमोठी अक्षरं काढून माओला दाखवत होती आणि त्यानं होकार दिल्यावरच ते वाक्य इंग्रजीत येत होतं. 27 मेला पाकिस्तानचे झुल्फिकार अली भुट्टो. तो शेवटचा पाहुणा. जूनच्या मध्यावर अध्यक्ष यापुढे परदेशी पाहुण्यांना भेटणार नाहीत असं जाहीर झालं.

घरातल्या भेटींना मात्र असे इतिवृत्त लिहिणारे परके नव्हते. 1975 च्या शरदात निरोप पोचवणाऱ्या वांग हायरुंग आणि तांग वनशंग यांच्या जागी माओचा पुतण्या माओ युआनशिन आला. काका आणि पॉलिटब्यूरो यांच्यामधला दुवा, असं त्याचं काम. तो काकाच्या खोलीतून बाहेर यायचा आणि अध्यक्ष काय म्हणाले ते सांगायचा. डेंगबद्दल त्यानं काकाचे कान भरले हे आता सर्वमान्य आहे. ऑक्टोबर ते जानेवारी या काळातलं काकाचं बोलणं त्यानं टिपून एकत्र केलं आणि मार्च 1976 मध्ये ते ‘महत्त्वाच्या सूचना’ म्हणून पक्षभर वाटलं गेलं. त्यातलं किती काकाचं आणि किती पुतण्याचं, हे ठरवायचं कसं? विचारायला जायचं म्हटलं तर दार पुतण्याच उघडणार.

8 जानेवारी 1976 ला चौ एन-लाय गेला. माओ अंत्यविधीला आला नाही, याचा लोकांना राग आला आणि आजही चीनमध्ये तो विषय निघतो. चांग युफेंगच्या आठवणीनुसार तिनं जाणार का असं विचारल्यावर त्यानं पाय थोपटले: मलाही चालवत नाही. महिनाअखेरीला नववर्षाची पूर्वसंध्या आली, चिन्यांची आपल्या दिवाळीएवढी मोठी रात्र. घरी पाहुणे नव्हते, मुलंबाळं नव्हती, फक्त सेवकवर्ग. चांग युफेंगनं चमच्यानं भरवलं. तोंड धड उघडत नव्हतं, गिळणं त्याहून कठीण. त्याच्या आवडीच्या वुचांग माशाचे काही घास आणि थोडा भात, एवढं कसंबसं आत गेलं. मग आधार देऊन त्याला दिवाणखान्यात आणलं. थोडे फटाके वाजवा, असं तो पुटपुटला. अंगणात सेवकांनी माळ लावली. वसाहतीबाहेरच्या पहारेकऱ्यांना त्या आवाजानं काही वेळ काळजीत टाकलं म्हणतात.

एप्रिलमध्ये चौच्या स्मरणार्थ तिएनआनमेन चौकात लोटलेली गर्दी दडपण्यात आली. त्यानंतर पुतण्यानं आणलेल्या आदेशावरून डेंगची सगळी पदं गेली. आणि वर आला कोण, तर हुआ ग्वो-फेंग. हूनानमध्ये काम केलेला, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चौकडीला तो चालत होता कारण त्यांच्या मते तो बिनदाताचा होता.

30 एप्रिलच्या संध्याकाळी न्यूझीलंडचे पंतप्रधान मल्डून भेटून गेले. हुआ मागे थांबला आणि प्रांतांमधल्या परिस्थितीबद्दल बोलू लागला. माओ काहीतरी म्हणाला. हुआला कळलं नाही. तेव्हा माओनं कागद घेतला आणि थरथरत्या हातानं तीन चिठ्ठ्या लिहिल्या. ‘हळूहळू चालू दे, घाई नको.’ ‘पूर्वीच्या धोरणाप्रमाणे करा.’ आणि तिसरी, चिनी लिपीतल्या अवघ्या सहा अक्षरांची: ‘तू काम पाहतोस, मी निश्चिंत आहे.’

जीभ चालत असती तर ही तिन्ही वाक्यं हवेत विरली असती. हुआनं ती घरी नेली. पहिल्या दोन चिठ्ठ्यांतला मजकूर त्यानं पॉलिटब्यूरोला वाचून दाखवला. तिसरीचा त्यानं तेव्हा गवगवा केला नाही. ती फक्त त्या दिवशीच्या प्रांतांच्या कारभारापुरती होती की साऱ्या देशाच्या वारसाहक्काची, याचा निवाडा करणारं कुणीच उरणार नव्हतं.

त्यानंतरचे चार महिने दुखण्याचे. 11 मेला हृदयविकाराचा झटका, 26 जूनला दुसरा, 2 सप्टेंबरला तिसरा. गिळणं जवळजवळ थांबलं होतं. घास फुफ्फुसात उतरायचा आणि न्यूमोनियाची भीती. नाकातून पोटात नळी घालणं हा एकच मार्ग होता, आपल्याकडे जिला राइल्स ट्यूब म्हणतात ती. माओ ऐकेना. डॉक्टर लीनं लिहिलंय की नळी सुसह्य असते हे पटवून देण्यासाठी ती आधी स्वतःवर घालून बघण्याची तयारी पॉलिटब्यूरोतून हुआ ग्वो-फेंगनंच दाखवली. हे खरं असेल तर त्या दरबारातली ती सर्वांत प्रामाणिक कृती म्हणावी लागेल, आणि अर्थात सर्वांत हिशेबीही. 28 जुलैला पहाटे तांगशानला भूकंप झाला, लाखो माणसं गाडली गेली, बीजिंगही हादरलं. माओला नळ्या-यंत्रांसकट एका भूकंपरोधक इमारतीत हलवण्यात आलं.

8 सप्टेंबर, शेवटचा दिवस. माओला काहीतरी हवं होतं. कागदावर त्यानं तीन रेघा ओढल्या आणि पलंगाच्या लाकडावर हातानं टकटक केलं. सेवकांनी तर्क लढवले. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं: तीन आणि लाकूड, म्हणजे जपानचे पंतप्रधान मिकी, ज्यांचं आडनाव याच दोन अक्षरांनी लिहितात. जपानमधल्या सत्तास्पर्धेच्या बातम्या त्याला वाचून दाखवल्या. शुद्ध-बेशुद्धीच्या मधून त्या दिवशी त्यानं तासन्‌तास कागद पाहिले किंवा ऐकले. मध्यरात्र उलटून दहा मिनिटांनी तो मेला.

मग चिठ्ठ्यांची लढाई सुरू झाली. 16 सप्टेंबरला देशातल्या तीन प्रमुख मुखपत्रांनी एकत्र अग्रलेख छापला आणि त्यात माओचं एक अंतिम वचन दिलं: ठरलेल्या धोरणाप्रमाणे करा. पेपर चौकडीच्या हातात होते. ठरलेलं म्हणजे कुणी ठरवलेलं, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. दोन दिवसांनी हुआनं केलेल्या श्रद्धांजलीच्या भाषणात मात्र हे वाक्य नव्हतं. 2 ऑक्टोबरला परराष्ट्रमंत्र्याच्या संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणाचा मसुदा हुआच्या टेबलावर आला. त्यानं ते वाक्य खोडलं आणि समासात शेरा मारला: माझ्याकडे अध्यक्षांच्या हातचा मूळ कागद आहे, तो पडताळला, सहापैकी तीन अक्षरं चुकीची आहेत. 4 ऑक्टोबरला चौकडीनं त्याच वाक्यावर पुन्हा लेख छापून आणला. 6 ऑक्टोबरच्या रात्री हुआ आणि वांग तुंगशिंग यांनी बैठकीच्या बहाण्यानं वांग हुंगवेन आणि चांग चुन-च्याओ यांना बोलावून पकडलं. च्यांग चिंग, तिसरा साथीदार याओ वेन-युआन आणि पुतण्या माओ युआनशिन हेही त्याच रात्री ताब्यात आले.

माओनं पूर्वीच्या धोरणाबद्दल लिहिलेलं चौकडीनं मुद्दाम बदललं, की कानावर पडलेलं टिपताना ते असं उतरलं, हे आज कोण सांगणार? अटक झाली ती मुख्यतः लष्करातल्या बुजुर्गांच्या पाठिंब्यावर, वाक्याच्या शुद्धलेखनावर नव्हे. पण देशाला सांगायला कारण लागतं, आणि ते कारण अध्यक्षाच्या हस्ताक्षरात उपलब्ध होतं. 24 ऑक्टोबरला तिएनआनमेन चौकातल्या सभेत तिसरी चिठ्ठी जाहीर झाली. माओ खुर्चीत बसून हुआच्या हातावर हात ठेवतोय, अशी तैलचित्रं रंगवली गेली, त्यांची पोस्टरं घराघरांत लागली. त्या चित्रांत माओचा चेहरा भरलेला आहे, तोंड मिटलेलं आणि हसरं. द्युशेननं वर्णिलेली एकही खूण चित्रकारांनी शिल्लक ठेवलेली नाही.

सहा अक्षरांचं हे भांडवल हुआला चारेक वर्षं पुरलं. डेंग परत आला, 1980 मध्ये हुआचं पंतप्रधानपद गेलं, 1981 मध्ये पक्षाचं अध्यक्षपद. त्या दोन घटनांच्या मधल्या हिवाळ्यात चौकडीवरचा खटला चालला. च्यांग चिंग आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहून न्यायाधीशांवरच तुटून पडत होती. त्या चिठ्ठीचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली असं सांगतात, की त्या रात्री नवऱ्यानं हुआला लिहून दिलं ते तेवढंच नव्हतं. पुढे आणखी एक ओळ होती. अडचण आली तर च्यांग चिंगला विचार.